ख्रिस्ती मिशनच्या पथकाबरोबर पुराच्या भागात नर्स म्हणून जावं का?

नाइट_ड्युटी | रविवार, २५ जुलै २०२१, रात्री ११:४०

एरवी मी इथे फक्त वाचायला येते. लिहायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा शेवळाची भाजी घशाला खाजू नये म्हणून काय करतात हे विचारायला आले होते.

मी रत्नागिरीत एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम होऊन चार वर्षं झाली, त्यातलं गेलं दीड वर्ष कोविड वॉर्डात. घर गुहागर तालुक्यात. गुरुवारी चिपळुणात पाणी भरलं तेव्हा मी रात्रपाळीवर होते. मावशी पेठमापला राहते. तिचा फोन थेट शनिवारी दुपारी लागला. "माळ्यावर बसून काढलं गं सगळं, सिलिंडर डोळ्यांदेखत तरंगत गेला," एवढं बोलली आणि बॅटरी संपली. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

ट्रेनिंगच्या वेळची माझी रूममेट नगरची, ख्रिस्ती. ती एका मिशनच्या वैद्यकीय पथकातून चिपळूण आणि पुढे महाड बाजूला येतेय. एक डॉक्टर, तीन नर्स, एक फार्मासिस्ट, दोन गाड्या. त्यांची एक नर्स ऐनवेळी पॉझिटिव्ह निघाली म्हणून तिने मला विचारलं. पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं.

घरी सांगितलं. बाबा आमच्या वाडीच्या भजनात पखवाज वाजवतात. ते काही बोलले नाहीत, ताटावरून उठले. आई म्हणाली, मदत करायचीच तर आपल्या माणसांबरोबर कर, उद्या स्थळं येतील त्यांना काय सांगू, पोरगी मिशनऱ्यांबरोबर फिरत होती म्हणून? भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन व्हिडिओ धाडले, तांदूळ वाटून धर्म बदलतात असले. मी रूममेटला स्पष्टच विचारलं. ती म्हणाली, सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं प्रार्थना असते, ती आमची आमच्यात, पेशंटसमोर काही नाही. तिच्यावर माझा विश्वास आहे. पथकातल्या बाकीच्यांना मी ओळखत नाही.

अशा पथकाबरोबर इथलं कोणी गेलंय का? प्रार्थनेला उभं राहावं लागतं का, नाही राहिलं तर वाईट दिसतं का? रजा बिनपगारी मिळेल, तीही बाराच दिवस, आणि सुपरवायझर मॅडम आत्ताच तोंड फुगवून बसल्यात. पण मला खरी धास्ती वेगळीच आहे. मी वॉर्डातली नर्स. मला मॉनिटर लागतो, सक्शन लागतं, हाताशी ट्रॉली लागते. चिखलात उभी राहून मी करणार काय? पथक मंगळवारी निघतंय. उत्तर उद्या द्यायचंय.

खवट_काका | रविवार, २५ जुलै, रात्री ११:५८

सरकार आहे, एनडीआरएफ आहे, गावोगावची मंडळं आहेत. मग मिशनच कशाला? फुकटचं औषध कोणी फुकट देत नाही. आई बरोबर बोलतेय. घरी बसून चपात्या लाटा, टेम्पो रोज जातायत, पोचतील.

वेंगुर्ल्याची_सिस्टर | सोमवार, २६ जुलै, पहाटे ५:१०

काका, जुलैतल्या चपातीला तिसऱ्या दिवशी बुरशी येते, घरात विचारा.

पोरी, मी ख्रिस्ती, रिटायर्ड सिस्टर. मिशनशी आमच्या घराचा संबंध प्रवचनातून आला नाही, आजीच्या नोकरीतून आला. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन होते, त्यांच्या हॉस्पिटलात ती आया. डॉक्टरांचा मुलगा १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत. आजीला त्याचं काय, तिच्या लेखी तो शेवटपर्यंत 'गोहीन सायबाचो झील'. मी शिकले मिरजेला, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या हॉस्पिटलात. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढे मी आमच्याच लोकांबद्दल दोन शब्द वाकडे बोलणार आहे, ते बाहेरचीने बोललेले समजू नये कोणी.

तू जा. पण मंगळवारी जाऊ नकोस.

किल्लारीचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, ते सगळं अंगावर. आम्ही मिरजेहून तिसऱ्या दिवशी पोचलो. पोचलो म्हणजे काय, मदतीच्या गाड्यांचीच एवढी रांग की शेवटच्या काही मैलांना सहा तास लागले. ज्यांना वाचवायचं त्यांना गावकऱ्यांनी आणि लष्कराने तोवर उचलून सोलापूर-लातूरला हलवलेलं. एका तंबूत आम्ही चार डॉक्टर, सहा नर्स, आणि पेशंट एक. एका आजोबांच्या कपाळाची पट्टी तीन पथकांनी तीनदा बदललेली, धनुर्वाताचं इंजेक्शन दोनदा टोचलेलं. मी सिरिंज घेऊन गेले तर बिचाऱ्यांनी बाही वर केली, म्हणाले, "घ्या, तुमचंबी राहू नये."

पाच दिवसांनी आम्ही परतलो. दीड महिन्याने एक बाई मिरजेला आली. मोडलेल्या पायात सळया घालून तिला घरी, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये सोडलेलं. सळयांच्या तोंडाशी पू. ड्रेसिंग करायला कोणी येत नव्हतं का, विचारलं तर म्हणाली, आधी लई यायचे. 'आधी लई यायचे' हे माझ्या डोक्यातून गेलं नाही बघ.

म्हणून २००५ ला महाडला पूर आला, दासगाव-जुईला दरडी कोसळल्या, तेव्हा मी हट्टाने दहाव्या दिवशी गेले. तेव्हा बाकीची पथकं सामान बांधत होती. टपरीवाला म्हणाला, ताई उशीर केलात, आटपलं सगळं. आटपलं कसलं! त्याच आठवड्यात ताप सुरू झाले.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पाण्यात उतरल्या उतरल्या होत नाही, साधारण एक-दोन आठवड्यांनी डोकं वर काढतो. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात, तिथून पायाच्या चिरेतून, बोटांमधल्या चिखल्यांतून आत. गुरुवारी पाण्यात असलेला माणूस आज ठणठणीत, आजारी पडणार तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आणि तो ताप म्हणणार नाही, म्हणणार, चिखल उपसून अंग मोडून आलंय. वॉर्डातली नर्स मी, चिखलात काय करू म्हणतेस ना? हे कर. पोटरी दाब. नुसतं काम करून थकलेल्याची कंबर धरते, खांदे दुखतात. लेप्टोवाला पोटरीला बोट लागलं की पाय ओढून घेतो. डोळ्यांत बघ, लाल असतात पण चिपडं नसतात. आणि लघवी शेवटची कधी झाली ते विचार. लाजतात, तरी विचार. कमी झाली म्हणाला तर कॅम्पात सलाईन लावून पुण्य कमवत बसायचं नाही, गाडीत घालायचं आणि मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं.

लेप्टोसाठी डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) प्रतिबंधक गोळ्या द्यायला लावतील, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. डॉक्टरच्या लेखी आदेशाशिवाय तू एकही द्यायची नाहीस, रजिस्ट्रेशन तुझं आहे. गरोदर बाईला नाही, आठ वर्षांखालच्या पोराला नाही. पोटभर जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. शंभराव्या माणसालाही हे पहिल्यासारखंच सांगायचं. तिथेच सगळ्या चुका होतात, शंभराव्याला.

आता प्रार्थना. दुसऱ्याने मिटायला लावलेल्या डोळ्यांची प्रार्थना आमच्यात धरत नाहीत. पथकप्रमुखांना आधीच सांग, तेवढ्या वेळात मी डबे भरते. भला माणूस असेल तर हसेल. कपाळाला आठी पडली तर तिथूनच परत फीर, पेशंटकडेही तो तीच आठी घेऊन जाणार.

आणि खोकी उघडून बघ. किल्लारीला एका पथकाच्या (नाव घेत नाही) पॅरासिटामॉलच्या पुड्यांतून पत्रकं निघाली. मग दोन गावांनी आम्हालाही वेशीवरून परत लावलं, आणि त्या गावांत माझे ड्रेसिंगचे पेशंट होते. रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांची १९९४ ची एक आचारसंहिता आहे. मदतीचा वापर कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही असं तीत स्वच्छ लिहिलंय, आणि ती मानणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही आहेत. तुम्ही ती पाळता का, असं सरळ विचार. आईलाही हे सांगता येईल.

बायबलातली शोमरोन्याची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ. वाटेत लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, याने त्याच्या जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, बांधलं, आपल्या जनावरावर घालून सराईत नेलं, सराईवाल्याला दोन दीनार दिले. बहुतेक पाळक इथे थांबून दानाबद्दल बोलतात. पण तो जाताना म्हणतो की जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. परत येणार होता तो! मला नर्स म्हणून ती गोष्ट त्या वाक्याला पटते.

बरोबर काय न्यायचं: गमबूट, मोजे चार जोड, व्हॅसलीन (रात्री पायांना लाव, नाहीतर पहिल्या चिखल्या तुलाच), डोक्याला बांधायची बॅटरी, सेकंदकाट्याचं घड्याळ, मास्क रोजचे दोन कारण पावसात भिजतात. सॅनिटरी पॅड भरपूर ने. तांदूळ सगळे नेतात, हे कोणी नेत नाही.

शटरडाऊन | बुधवार, २८ जुलै, दुपारी ३:२५

शेजाऱ्याच्या गाडीवर फोन चार्ज करून लिहितोय, चुका पोटात घाला. चिपळूण बाजारपेठेत किराणा. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर वडिलांनी रंगाने काढून ठेवलेली, दर पावसाळ्यात माल तिच्या वर चढवतो. या वेळी पाणी खूण ओलांडून पोटमाळ्याच्या फळीला लागलं. आता दुकानात हिंग, कुजलेला खजूर आणि डिझेल यांचा मिळून जो वास आहे तो मेल्यावरही नाकातून जाणार नाही.

खवट काकांना उत्तर. खिचडी दिली मशिदीकडच्या पोरांनी. पाण्याचे बॉक्स शाखेतले. चादर कोणी दिली ते दिसलं नाही, चष्मा वाहून गेलाय. कोणी काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पण शटरचा पत्रा लागून घोट्याच्या वर कापलंय त्याला आज सहावा दिवस. डॉक्टरांची दोन पथकं येऊन गेली, बॅनर धरून फोटो काढला, मला मधोमध उभं केलं. पायाकडे एकाने बघितलं नाही.

ताई, तुम्ही कोणाच्याही गाडीतून या. बॅनर लावू नका म्हणजे झालं. आणि दुकानांत काम करणारी परमुलखातली पोरं बघा. मागच्या खोल्यांत राहतात, त्यांची नावं कुठल्या यादीत नाहीत. चिखल तीच उपसतायत, अनवाणी.

वेंगुर्ल्याची_सिस्टर | बुधवार, २८ जुलै, दुपारी ३:४०

फोन ठेवा आणि पाय घेऊन सरकारी दवाखान्यात जा, आत्ता. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सहा दिवसांची घाण जखम कोणी टाके घालून बंद करू म्हणालं तर घाईने हो म्हणू नका. धुवून उघडी ठेवतात, रोज ड्रेसिंग. उद्या लिहा इथे.

आरोग्यसेवक | गुरुवार, २९ जुलै, सकाळी ७:०५

चिपळूणजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, जास्त ओळख देत नाही. पथकं येतात याचा आम्हाला राग नाही. न सांगता येतात. परवा एका वाडीत आशाताईंनी घरोघर डॉक्सी दिली, दुपारी एक पथक येऊन त्याच घरांत पुन्हा देऊन गेलं. पलीकडच्या वाडीला कोणीच नाही, कारण तिकडे गाडी जात नाही, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आधी नोंद करा. वाडी ते देतील. संध्याकाळी तापाच्या पेशंटांची नावं आणि गोळ्यांचा हिशेब आम्हाला द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल.

गोळ्यांइतकंच विहिरीचं बघा. पुराचं पाणी शिरलेली विहीर आधी उपसायची. मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. तासभर कोणी पाणी भरायचं नाही. लोक पावडर मुठीने फेकतात आणि वर म्हणतात पाण्याला वास येतो, पिणार नाही. हे समजावून सांगायला माणूस कमी पडतो आम्हाला.

नाइट_ड्युटी | गुरुवार, २९ जुलै, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. मंगळवारी गेले नाही. पथकाची पहिली गाडी महाडकडे गेली. दुसरी तुकडी २ तारखेला चिपळुणात येतेय, तिच्यात मी. पथकप्रमुखांना फोन करून प्रार्थनेचं बोलले. हसले. म्हणाले, डबे भरायला कोणी नसतंच आमच्याकडे, बरं झालं. आचारसंहितेचं विचारलं तर म्हणाले पाळतो, पण 'सगळ्यांनाच माहीत असते असं नाही'. हे मला थोडं खटकलं. खोकी बघणार आहे.

बाबांना शोमरोन्याची गोष्ट नाही सांगितली. पोटरीची सांगितली. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आपल्या वाडीतले चौघे परवा चिखल काढायला जाऊन आलेत, त्यांच्या पोटऱ्या कोण बघणार? म्हणजे शनिवारी घरी जाऊन आधी तेवढं करायचं. याला परवानगी म्हणतात की नाही मला माहीत नाही.

शटरडाऊन | शुक्रवार, ३० जुलै, सकाळी ९:३०

सिस्टर, गेलो. टाके नाही घातले. इंजेक्शन झालं. ड्रेसिंगला सांगितल्याप्रमाणे रोज जातोय, म्हणजे कालपासून.

नाइट_ड्युटी | सोमवार, २३ ऑगस्ट, रात्री ११:२०

लिहीन म्हटलं आणि राहून गेलं. नागपंचमीला परत आले, दुसऱ्या दिवसापासून नाइट लागली. सुपरवायझर मॅडमनी बदला घेतलाय, चालू दे.

एका शाळेच्या वर्गात राहायचो. सकाळी बाकीचे फळ्यापाशी प्रार्थनेला, मी आणि आमचे ड्रायव्हरचाचा व्हरांड्यात डबे भरायला. चाचा खेडचे. ते पहाटेची नमाज गाडीच्या पलीकडे पढून आलेले असायचे. पहिल्या दिवशी मी गाणं ऐकत नुसती उभी होते तर म्हणाले, बेटी, पोळ्या मोज, काल दोन कमी पडल्या. चौथ्या दिवसापर्यंत मला त्यांची दोन गाणी पाठ झाली होती. चाली आपल्या भजनासारख्याच, ओवी-अभंगाच्या. बाबांना म्हणून दाखवली तर पहिला प्रश्न, ठेका कोणता लावतात?

पत्रकं निघाली. फार्मासिस्टच्या खोक्यात, ओआरएसच्या खाली, रबर लावून. मी काही बोलायच्या आत माझ्या रूममेटनेच गठ्ठा उचलला आणि गाडीच्या सीटखाली टाकला. रात्री तिचं आणि फार्मासिस्टचं कडाक्याचं वाजलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं, माझ्याकडचं सगळ्यात चांगलं तेच मी देतोय. ती म्हणाली, मग तू तुझ्या सुट्टीत दे, हातात गोळी नसताना. प्रमुख मध्ये पडले आणि पत्रकं शेवटपर्यंत सीटखालीच राहिली. पण ती आणलीच होती, हेही इथे लिहायला हवं. भाऊ हे वाचतोय, त्याच्यासाठीही.

तालुक्याच्या ऑफिसात नोंद केली तर आम्हाला नेमकी पाखाडीवरची वाडी मिळाली. वर दोन सड्यांच्या (कातळी पठारांच्या) मध्ये, पुराचा थेंब तिथे पोचलेला नाही. पण तिथली माणसं रोज खाली बाजारात चिखल काढायला मजुरीने जात होती, म्हणून ताप सगळा तिथे. पाचव्या दिवशी एक मुलगा आला, वीस-बावीसचा. म्हणाला, अंग दुखतंय, एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय. मी पाय पुढे घ्यायला सांगितला. पोटरीला अंगठा टेकला मात्र, त्याने पाय असा ओढला की स्टूल पडलं. डोळे लाल, कोरडे. लघवीचं विचारलं तर आईकडे बघायला लागला. आईला बाहेर पाठवलं. काल सकाळपासून एकदाच, म्हणाला, चहासारखी. दुपारी कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचवला. नऊ दिवसांनी घरी आला. सिस्टर, वॉर्डात मी शेकडो पेशंटचे आकडे लिहिलेत. पण पेशंटला हात लावून काही कळण्याची ही पहिलीच वेळ असेल माझी.

आता चूक. त्याच वाडीत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. एक मुलगी, एकोणीसची असेल, गोळ्या घेऊन गेली. जेवून घ्या, पाणी प्या, आडव्या होऊ नका, सगळं म्हटलं. दिवस गेलेत का, एवढंच विचारायचं राहिलं. आम्ही पाखाडी उतरून खाली आलो, गाडीत बसणार तेवढ्यात तिची जाऊ मागून धावत आली, पदर तोंडाला लावून माझ्या कानात म्हणाली, तिला तिसरा चालू आहे, चालतं का? पाऊस लागलेला. मी तशीच वर पळाले. त्या पायऱ्या जांभ्याच्या, शेवाळलेल्या, दोनदा गुडघ्यावर आपटले. मुलगी पाटावर बसलेली, पुढ्यात भात, जेवून घ्या म्हटलेलं ना मी. गोळ्यांची पुडी देव्हाऱ्याच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी. ती पुडी उचलली तेव्हा माझे हात थरथरत होते. तिला वाटलं मी रागावले. त्या दिवशीची ती किती नंबरची होती ते नोंदवहीत बघितलं. एकशे चौदा.

खाली येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नोंदवहीत बायकांसाठी एक जास्तीचा रकाना आखला.

बाकी बरंच काम बीपी-शुगरचं निघालं. गोळ्या वाहून गेलेल्या, फायली वाहून गेलेल्या. कुठली गोळी होती आजी? पांढरी. किती? अर्धी. एवढ्यावर डॉक्टर बिचारे अंदाज बांधत बसायचे. एक रिटायर्ड गुरुजी भेटले, लाइट नाही म्हणून इन्शुलिनची कुपी डब्यात घालून माठाच्या गारव्याला ठेवलेली, वर ओलं फडकं. आम्ही शिकवायला गेलो होतो, त्यांनीच आम्हाला शिकवलं.

शटरडाऊन दादा, तुमच्या गल्लीत आले होते, तुम्ही नव्हतात, चिपळूणकर दर रविवारी कुठे जातात देव जाणे. मागच्या खोल्यांतली मुलं मात्र भेटली. अकरा जण. सगळ्यांच्या पायांना चिखल्या. गमबूट वाडीतल्या मंडळाकडून मिळवून दिले, मापं चुकली, दोघांनी चप्पलच बरी म्हणत परत केले.

काल नारळी पौर्णिमेची सुट्टी टाकून वाडीत जाऊन आले, या वेळी एसटीने, कुठल्याही पथकाशिवाय. आरोग्यसेवक दादांनी (ओळख देणार नाही!) यादी दिली होती. येत्या रविवारी पुन्हा जायचंय, गणपतीच्या आधी एवढी एक फेरी. आई डबा देणार म्हणाली, अकरा पोरांचाही.

एक हवंय. कुणाकडे हाताने फुगवायचं, पाऱ्याचं नाहीतर घड्याळी, जुनं बीपीचं यंत्र पडून असेल आणि चालू असेल तर सांगा. माझ्या डिजिटलमध्ये पाणी गेलंय बहुतेक, काल त्याने एकाच आजींना पाच मिनिटांत तीन वेगळे आकडे दाखवले. रत्नागिरी स्टँडवर कुणी आणून दिलं तर मी शनिवारी ड्युटी संपली की आठ वाजता येऊन घेऊन जाईन.